नवा मोठा मासा खाईना झालाय? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

रात्री अकराच्या पुढं फोटो येतो. टाकीच्या कोपऱ्यात एक मासा, वर तरंगणारे दहा-बारा दाणे आणि खाली एकच ओळ: "दादा, खाईना." गेली बारा वर्षं घरात मोठे मासे आहेत, त्यामुळं ओळखीतले, ओळखीतल्यांच्या ओळखीतले सगळे मलाच विचारतात. त्याच त्याच प्रश्नांची उत्तरं एकदाच नीट लिहून ठेवतोय. हे सगळं गोड्या पाण्यातल्या मोठ्या माशांबद्दल आहे: ऑस्कर, फ्लॉवरहॉर्न, अरोवाना, कॅटफिश, गोरामी, पॅकू. समुद्री माशांतलं मला कळत नाही.

१. काल संध्याकाळी ऑस्कर आणला. आल्यापासून तोंड उघडीना. काय घालू?

आज काही घालू नका. उद्याही नको. आपल्याकडं विकायला येणारे बहुतेक मोठे मासे चेन्नई, कोलकाता नाहीतर मुंबईकडून थर्माकोलच्या खोक्यांतून, पिशवीत ऑक्सिजन भरून येतात. वाटेत पिशवीतलं पाणी घाण होऊ नये म्हणून निघण्याआधी त्यांना एक-दोन दिवस मुद्दाम उपाशी ठेवतात. दुकानात पोचतो तेव्हाच मासा घाबरलेला असतो. तिथं जेमतेम रुळतोय तोवर तुम्ही त्याला गाडीच्या हँडलला अडकवून, खड्ड्याखड्ड्यांतून घरी आणता. पहिले ४८ तास खाणं नाही, टाकीची लाइट नाही, काचेवर टकटक नाही. पाहुण्यांना दाखवायचा कार्यक्रम पुढच्या रविवारी ठेवा.

दुकानातून निघण्याआधी मात्र एक गोष्ट विचारायचीच: तिथं तो काय खात होता? शक्य असेल तर डोळ्यासमोर एक घास घालायला सांगा. दुकानात खाणारा मासा घरी आठवडाभरात बहुधा खातोच. दुकानातही खात नसेल, तर तो तसाच घरी येतो.

२. मोठा मासा किती दिवस उपाशी राहू शकतो?

तुम्हाला वाटतं त्यापेक्षा बराच जास्त. सात-आठ इंचांचा निरोगी ऑस्कर किंवा फ्लॉवरहॉर्न दोन आठवडे काढतो. फुटापुढचा कॅटफिश किंवा अरोवाना त्याहून जास्त. माशाला अंग गरम ठेवायचा खर्च नसतो, त्यामुळं आपल्यासारखी दोन वेळच्या जेवणाची त्याला गरज नाही. दोन-तीन इंचांच्या पिल्लाला मात्र ही सूट नाही. ते पाच-सहा दिवसांत खायला लागलं पाहिजे.

दिवस मोजण्यापेक्षा अंग बघा. वरून बघितल्यावर डोक्यामागची पाठ भरलेली दिसते तोवर घाबरायचं कारण नाही. ती पाठ सुरीच्या पात्यासारखी धारेवर आली, पोट आत ओढलं आणि अंगाच्या मानानं डोकं मोठं दिसायला लागलं, तर मात्र वेळ कमी आहे.

३. पिशवीतून टाकीत कसा सोडला याचा खाण्याशी काय संबंध?

बराच. बंद पिशवीत माशाच्या श्वासानं कार्बन डायऑक्साइड साठतो, पाण्याचा पीएच खाली येतो. त्याच पाण्यात माशानं सोडलेला अमोनियाही साठलेला असतो, पण पीएच कमी असेतोवर तो कमी घातक रूपात राहतो. पिशवी उघडली की गॅस उडून जातो, पीएच वर चढतो आणि तोच अमोनिया विषारी होतो. म्हणून लांबच्या प्रवासातून आलेल्या माशाची पिशवी उघडून त्यात तासभर थेंब-थेंब पाणी घालत बसू नका. बंद पिशवी वीस मिनिटं टाकीत तरंगत ठेवा, तापमान जुळू द्या, मग उघडा, थोडं टाकीचं पाणी घाला आणि दहा मिनिटांत मासा हातानं किंवा जाळीनं टाकीत घ्या. पिशवीतलं पाणी मोरीत. कल्ले पोळलेला मासा आठ-आठ दिवस अन्नाकडं बघत नाही, आणि आपण दाण्याचा ब्रँड बदलत बसतो.

दुकान दोन गल्ल्या पलीकडं असेल तर एवढी घाई नको, अर्धा तास हळूहळू पाणी मिसळलं तरी चालतं.

४. पाणी काचेसारखं स्वच्छ आहे. मग पाण्यात दोष कसा असेल?

अमोनिया दिसत नाही. नायट्राइटही दिसत नाही. मला येणाऱ्या दहा प्रश्नांपैकी सात-आठ शेवटी इथंच येऊन थांबतात, म्हणून जरा सविस्तर सांगतो.

मासा कल्ल्यांतून अमोनिया सोडतो. फिल्टरच्या स्पंजवर आणि सिरॅमिक रिंगवर वाढणारे जिवाणू त्याचं आधी नायट्राइट आणि मग नायट्रेट करतात. पहिले दोन विष, तिसरं बऱ्यापैकी सोसण्यासारखं. हे जिवाणू वाढायला चार ते सहा आठवडे लागतात. आपल्याकडं टाकी शनिवारी येते, खडी धुऊन पाणी भरतो आणि रविवारी त्यात आठ इंचांचा मासा पडतो. आठवडाभरात पाण्यात अमोनिया, माशाची भूक गेलेली, आणि मालक म्हणतो, "खाद्य आवडत नाही वाटतं."

पाण्यात थेंब टाकून रंग बघायचं टेस्ट किट घ्या. अमोनिया शून्य, नायट्राइट शून्य, नायट्रेट ४० पीपीएमच्या आत. पहिल्या दोनांपैकी काहीही दिसलं तर त्याच दिवशी तिसरा हिस्सा ते निम्मं पाणी बदला, आणि आकडे शून्यावर येईपर्यंत रोज किंवा एक दिवसाआड बदलत राहा. कुणाची जुनी, चालू टाकी असेल तर त्याच्या फिल्टरमधला एक मळका स्पंज मागून आणा आणि आपल्या फिल्टरमध्ये ठेवा. त्या मळातच सगळं आहे. तो नळाखाली धुऊन आणणारे महाभाग मी बघितलेत.

आता नळाचं. आमच्या कोल्हापुरात पाणी पंचगंगेचं असो नाहीतर काळम्मावाडी धरणाच्या थेट पाइपलाइनचं, त्यात क्लोरीन असतंच. पावसाळ्यात गढूळ पाणी आलं की मात्रा वाढते, बादली भरताना नाकालाच कळतं. अँटीक्लोरीन घालूनच पाणी वापरा, किंवा पिंपात एअर पंप लावून २४ तास ठेवा. बोअरचं पाणी वापरत असाल तर ते बहुधा जड असतं. ऑस्कर, फ्लॉवरहॉर्न त्यात राहतात, पण नळाचं आणि बोअरचं आलटून-पालटून वापरू नका. दर आठवड्याला पाण्याची जात बदलली की मासा बुजतो.

आणि टाकीचा आकार. एक घनफूट म्हणजे साधारण २८ लिटर. दोन बाय एक बाय एकची टाकी ५६ लिटरची. ऑस्कर फूटभर वाढतो. चार बाय दीड बाय दीड म्हणजे २५५ लिटर ही एका ऑस्करची सुरुवात समजा. छोट्या टाकीत मोठा मासा ठेवून पाणी शुद्ध राखणं म्हणजे रोजची हमाली.

५. डिसेंबरमध्ये आणला. आळसावलेला दिसतो, खात नाही. थंडीमुळं असेल का?

असेल. कोल्हापुरात थंडीत पहाटे हवा १४-१५ डिग्रीपर्यंत उतरते, आणि हीटर नसलेली टाकी २०-२१ वर येते. हे सगळे मासे उष्ण पट्ट्यातले, त्यांना २६ ते २८ लागतं. पाणी गार पडलं की पचन मंदावतं, भूक जाते. लिटरला एक वॉट या हिशेबानं हीटर घ्या, मोठ्या टाकीला एकाऐवजी दोन. एकदम तापवू नका, दिवसाला दोन डिग्री पुरे. मोठे मासे हीटरला धडका देऊन काच फोडतात, म्हणून त्यावर प्लास्टिकची जाळीदार नळी बसवा. आणि हात घालण्याआधी प्लग काढा, हे लिहावं लागू नये पण लिहितो.

६. ऑस्कर आडवा पडून राहतो, रंग काळवंडलाय. मरतोय का?

श्वास एकसारखा चालू असेल, अंगावर ठिपके-जखमा नसतील आणि जवळ गेल्यावर तो डोळा फिरवून बघत असेल, तर तो रुसलाय. ऑस्करचा हा जुना स्वभाव आहे. जागा बदलली, टाकीतला दगड हलवला, पाणी जास्त बदललं, काहीही निमित्त पुरतं.

माझा पहिला ऑस्कर आठ दिवस फिल्टरच्या पाइपमागं कलंडून पडला होता. आई त्याला रुसूबाई म्हणायची, आणि येता-जाता "अगं खा की गं" करायची. नवव्या दिवशी संध्याकाळी लाइट गेली. मी मोबाईलच्या उजेडात एक गांडूळ चिमट्यानं पाण्यात सोडलं. अर्धा मिनिट काही नाही. मग त्याचा डोळा वळला. फक्त डोळा, अंग तसंच कलंडलेलं. गांडूळ वळवळत खाली निघालं, आणि खडीला टेकायच्या आत 'टप्प' असा आवाज आला. मासा परत आडवा, तोंडातून बोटभर शेपटी बाहेर लोंबतेय. तीही हळूच आत गेली. पुढच्या वर्षी तोच ऑस्कर माझं बोट धरायचा.

तेव्हापासून मी सगळ्यांना तेच सांगतो: समोरच्या काचेला अर्ध्यापर्यंत वर्तमानपत्र लावा, मागच्या आणि बाजूच्या काचांना काळा कागद. लपायला एक मोठं मडकं आडवं ठेवा. लपायला जागा मिळाली की मासा लवकर बाहेर येतो, हे उलटं वाटेल पण तसंच आहे. टाकी टीव्हीशेजारी किंवा दाराच्या फटक्यात असेल तर पडद्यानं आडोसा करा.

७. पहिला घास म्हणून सगळ्यात चांगलं काय?

माझं मत विचाराल तर गांडूळ. हलतं, वास असतो, मऊ असतं, आणि मांसाहारी मासा त्याला क्वचितच नाही म्हणतो. कुंडीतली घ्या, स्वच्छ पाण्यात काही तास ठेवून पोटातली माती जाऊ द्या. रासायनिक खत-औषध मारलेल्या शेतातली नकोत. त्याच कारणानं उसाच्या बांधावरचे नाकतोडे आणि घरातली झुरळंही नकोत. झुरळाला कुणी काय फवारलंय ते झुरळालाही माहीत नसतं.

गांडुळाची किळस येत असेल तर कोळंबी. मासळी बाजारातून छोटी कोळंबी आणा, डोकं, सोंडेचा काटा आणि पाय काढा, माशाच्या डोळ्याएवढे तुकडे करा. मीठ, हळद काही नाही. एक तुकडा घाला आणि लांब जाऊन बसा.

वेळ संध्याकाळची, टाकीची लाइट बंद, खोलीत अंधुक उजेड. घास एकच. पंधरा-वीस मिनिटांत घेतला नाही तर जाळीनं किंवा पाइपनं काढून टाका. इथं मी स्वतः ठेच खाल्लीय. एक सिल्व्हर अरोवाना खाईना म्हणून मी रोज रात्री तीन-चार कोळंब्या टाकून झोपायचो. सकाळी त्या दिसायच्या नाहीत, मला वाटायचं रात्री खातोय. पाचव्या दिवशी टाकीला नाल्यासारखा वास आला. सगळ्या कोळंब्या फिल्टरच्या पाइपखाली सडत होत्या. अरोवाना दुसऱ्या दिवशी गेला. भुकेनं जायला त्याच्याकडं अजून बरेच दिवस होते.

खाल्लं नाही तर पुढचा प्रयत्न दुसऱ्या दिवशी. दर तासाला नवीन पदार्थ दाखवू नका, प्रत्येक वेळी टाकीत हात गेला की तो परत पहिल्या दिवसावर जातो.

८. दुकानात जिवंत मासे खायचा, दाण्याकडं बघतही नाही. दाण्यावर कसा आणायचा?

आधी खाऊ द्या, मग सवय बदला. खाईनाच अशा माशाला पहिल्याच दिवशी दाणे दाखवून हट्ट करणं चुकीचं. आठवडाभर तो जे घेतोय ते द्या, पण वेळ आणि जागा एकच ठेवा. तुम्ही आलात की खायला मिळतं, एवढं त्याला कळू दे.

मग जिवंताच्या जागी मेलेलं. लांब चिमट्यात किंवा बांबूच्या काडीला टोचून कोळंबी पाण्यात हलवा, म्हणजे ती पोहतेय असं वाटतं. ते घ्यायला लागला की कोळंबीच्या तुकड्याला चीर देऊन आत एक दाणा दडवा. आठ-दहा दिवसांत दाणा वाढवत, कोळंबी कमी करत जा. शेवटी कोळंबीच्या पाण्यात पाच मिनिटं भिजवलेला नुसता दाणा. अडला तर दोन-तीन दिवस उपास, मग परत दाणाच. इथं घरातल्या माणसांत एकी लागते. तुम्ही उपास धरलाय आणि मागनं आजोबा कोळंबी घालतायत, असं चाललं तर तो आजोबांचीच वाट बघत बसणार.

महिना लागला तरी हरकत नाही. ज्याची पाठ धारेवर आलीय (प्रश्न २) त्याच्यावर हा उपास करायचा नाही.

९. जिवंत फीडर मासे (मोठ्या माशाला खायला घालायचे छोटे मासे) घालतच राहिलो तर काय बिघडतं?

दोन गोष्टी. एक, गर्दीच्या टाकीत वाढलेल्या स्वस्त फीडरबरोबर पांढरे ठिपके, जंत, अँकर वर्म (अंगात रुतून बसणारा परजीवी) असं सगळं फुकट घरी येतं. दोन, गोल्डफिश आणि कार्पच्या कुळातल्या बऱ्याच माशांत थायमिनेज नावाचं एन्झाइम असतं, ते बी-१ जीवनसत्त्व तोडतं. महिनोन्‌महिने तेच घातलं की माशाचा तोल जातो, भूक जाते. फ्रीजरमध्ये गोठवून हे एन्झाइम मरत नाही. एखाद-दोन वेळा, अडलेला मासा सुरू करायला म्हणून फीडर घातला तर माझी हरकत नाही, पण तो आधी दोन-तीन आठवडे वेगळ्या टबात ठेवलेला असावा.

१०. आमच्यात रविवारी मटण ठरलेलं. थोडं काळीज किंवा चिकन घातलं तर चालेल का? मासा उड्या मारून खातो.

उड्या मारून आपणही खातो. बकऱ्या-कोंबडीची चरबी ही गरम अंगाच्या प्राण्याची चरबी. २६ डिग्रीच्या पाण्यातल्या माशाला ती नीट वापरता येत नाही, ती यकृताभोवती साठत जाते. वर्षा-दोन वर्षांनी एक दिवस मासा कारण न दिसता उलटा तरंगतो. अगदीच अडलेल्या माशाला एकदा चरबी काढलेला तुकडा दिला, एवढंच. बाकी रविवार तुमचा.

११. अरोवाना खाली पडलेल्या खाण्याकडं बघतसुद्धा नाही. आंधळा आहे का?

तोंड बघा, वरच्या दिशेनं उघडतं. हा पाण्याच्या पृष्ठभागावरचं खाणारा मासा. ॲमेझॉनमध्ये तो फांदीवरचा किडा पाण्याबाहेर उडी मारून पकडतो. खाली गेलेला घास त्याच्या हिशेबात नसतोच. तरंगणारंच द्या: खाद्य म्हणून पाळलेले नाकतोडे किंवा मीलवर्म (एका भुंग्याच्या अळ्या), सोललेली कोळंबी हातातून अलगद पृष्ठभागावर सोडून, आणि पुढं तरंगते दाणे. फिल्टरच्या प्रवाहानं घास वाहून जात असेल तर खायच्या वेळी दहा मिनिटं प्रवाह कमी करा.

नवा अरोवाना दोन-तीन आठवडे खाणं टाळतो, यात विशेष काही नाही. झटक्यात लाइट लावली की तो काचेवर आदळतो, म्हणून आधी खोलीची लाइट, मग टाकीची. झाकणावर वजन ठेवा. सकाळी फरशीवर सापडलेल्या अरोवानाचे किस्से प्रत्येक गल्लीत एक तरी आहेत.

जाता जाता: सिल्व्हर अरोवाना वेगळा आणि गोल्डन-रेड म्हणून विकला जाणारा आशियाई अरोवाना वेगळा. आशियाई जात साइट्स (CITES, धोक्यातल्या प्राणी-वनस्पतींच्या व्यापारावरचा आंतरराष्ट्रीय करार) याच्या पहिल्या परिशिष्टात आहे, आणि वन्यजीव संरक्षण कायद्याच्या २०२२ च्या दुरुस्तीनंतर अशा प्राण्यांची सरकारदरबारी नोंद करावी लागते. कागद नसेल तर घेऊच नका.

१२. रेडटेल कॅटफिश दिवसभर दगडाखाली. पाच दिवस झाले, एक दाणा खाल्ला नाही.

दिवसा तो खाणारच नाही. रात्री सगळ्या लाइट बंद करून अर्ध्या तासानं, चिलापीचा बिनकाट्याचा तुकडा त्याच्या मिशांजवळ सोडा. त्याला डोळ्यांपेक्षा मिशांनी जास्त कळतं. सकाळी राहिलेलं काढा, पण कुठं पडलंय ते शोधून काढा (प्रश्न ७ मधला माझा अरोवाना आठवा).

भरपेट खाल्लेला कॅटफिश हलवला तर सगळं ओकून टाकतो आणि मग कित्येक दिवस खात नाही. दुकानात खाल्ल्याखाल्ल्या पिशवीत भरला असेल तर तेच झालं असणार. मोठ्या रेडटेलला आठवड्यातून एक-दोनदा खाणं पुरतं. आणि खरं सांगायचं तर हा मासा घ्यायलाच नको होता. तो मीटरच्या पुढं वाढतो. घरातली कुठलीही टाकी त्याला पुरत नाही.

१३. दाणा तोंडात घेतो आणि थुंकतो. परत घेतो, परत थुंकतो.

दोन-चारदा करून शेवटी गिळत असेल तर तो चावतोय. ऑस्कर, फ्लॉवरहॉर्न असंच खातात, कल्ल्यांतून भुगा उडतो. दाणा मोठा किंवा कडक असेल तर भिजवून द्या, आकार डोळ्याएवढा ठेवा. कधीच गिळत नसेल तर टॉर्च मारून तोंडात बघा. ऑस्करला खडी उकरायची खोड असते, एखादा खडा घशात बसतो. जबडा उघडाच राहत असेल, किंवा आत खडा दिसत असेल, तर अनुभवी माणसाच्या हाताशिवाय चिमटा घालू नका. मोठ्या माशाच्या टाकीत खडी एक तर तोंडात न मावणारी असावी, नाहीतर बारीक वाळू.

१४. पहिला आठवडा झकास खाल्लं, आता अचानक बंद. का?

टाकी नवीन असेल तर प्रश्न ४. पहिल्या आठवड्यात तुम्ही कौतुकानं भरपूर घातलं, ते सगळं आता पाण्यात आहे. टाकी जुनी असेल तर दोन-तीन दिवस नुसता उपास करून बघा, जास्त खाऊन पोट धरलेले मासेही कमी नाहीत. पोट फुगलं असेल आणि शेण पडत नसेल तर एप्सम सॉल्ट (मॅग्नेशियम सल्फेट, खायचं मीठ नव्हे), ४० लिटरला एक मोठा चमचा, आणि सालं काढलेला उकडलेला मटार. मटार मांसाहारी मासा घेईलच असं नाही.

१५. शेण पांढरं, दोऱ्यासारखं लोंबतं. औषध कुठलं देऊ?

रिकाम्या पोटी नुसत्या आतड्याच्या आवरणाचा पांढरा दोरा पडतो. त्यामुळं चार दिवस न खाल्लेल्या माशाचं पांढरं शेण म्हणजे लगेच रोग नाही. खायला लागल्यावरही तसंच पडत राहिलं, अंग वाळत गेलं, किंवा डोक्यावर टाचणीने टोचल्यासारखी भोकं पडायला लागली, तर आतड्यातल्या परजीवींची शंका घ्यायची. त्यावर मेट्रोनिडाझोल चालतं. ते खाण्यातून दिलेलं जास्त लागू पडतं, पण खातच नसेल तर पाण्यात, वेगळ्या टाकीत द्यावं लागतं. डोस पाण्याच्या लिटरवर ठरतो, म्हणून माशांचं कळणाऱ्या पशुवैद्याला विचारूनच.

अंगावर मिठाच्या कणांसारखे ठिपके असतील तर ते वेगळं दुखणं. तापमान हळूहळू ३० पर्यंत न्या आणि हवा वाढवा, कारण गरम पाण्यात ऑक्सिजन कमी मावतो. सगळी औषधं एकदम ओतू नका. निळं, पिवळं, हिरवं असं तीन रंगांचं पाणी झालेल्या टाकीचा फोटो मला महिन्याला एक तरी येतो.

१६. लसूण घातल्यानं भूक लागते म्हणतात. खरंय?

वासानं काही मासे आकर्षित होतात, एवढं मीही बघितलंय. लसणाच्या रसात दाणा भिजवून एकदा करून बघायला काही जात नाही. रोग बरा होतो वगैरे मी मानत नाही. दुकानातल्या भूक वाढवायच्या महागड्या थेंबांपेक्षा त्याच पैशांत टेस्ट किट येतं.

१७. सोबतीला दुसरा मासा सोडला तर बघून खायला लागेल का?

कधी कधी लागतो. टाकी मोठी असेल तर मोकळे पोहणारे, त्याच्या तोंडात न मावणारे चार-पाच शांत मासे सोडले की नव्याला धोका नाही असं वाटतं, आणि दुसरा घास पळवतोय म्हटल्यावर चढाओढीनं तोंड उघडतं. पण दुसऱ्या मारकुट्या माशाबरोबर सोडलात तर एक खाईल आणि दुसरा मार खाईल. फ्लॉवरहॉर्नला सोबत नकोच. त्याच्यासाठी काचेबाहेर काही मिनिटं आरसा धरला तर तो चिडतो, फुलतो आणि मग खातो. आरसा धरून ठेवायचा नाही, पाच मिनिटांत बाजूला.

१८. पॅकूला कोळंबी, गांडूळ सगळं घालून बघितलं. काहीच घेईना.

त्याला भाजी घाला. पॅकू नदीत पडणारी फळं-बिया फोडून खाणारा, म्हणून दात माणसासारखे. जायंट गोरामीही मोठा झाला की पाला मागतो. कपिलतीर्थ मार्केटमधून पालक आणा, भरपूर धुवा, उकळत्या पाण्यातून काढा आणि दोऱ्यानं दगडाला बांधून सोडा. काकडी, केळ्याचा तुकडा, मटार. शिल्लक राहिलेला पाला मात्र संध्याकाळी काढायचा.

१९. पॅरट फिश आणून दहा दिवस झाले. खात होती, आता एका कोपऱ्यात उभी, जवळ कुणी आलं की धावून जाते.

तो कोपरा नीट बघा, दगडावर अंडी असतील. अंडी राखणारा मासा खाणं कमी करतो. पॅरटची अंडी बहुधा फलत नाहीत, चार-पाच दिवसांत पांढरी पडून बुरशी येते, मग ती खायला लागते. तोवर सोडून द्या.

२०. पुरात नळ बंद, लाइट बंद, आणि नवा मासा खात नाही. काय करू?

या एका वेळी तो खात नाही हे नशीब समजा. २०१९ च्या ऑगस्टमध्ये उपसा केंद्रं पाण्यात गेली आणि शहराचे नळ कित्येक दिवस कोरडे होते. प्यायला टँकरची रांग, माशाचं पाणी कोण बदलतोय? उपाशी मासा अमोनिया कमी सोडतो. खाणं पूर्ण बंद ठेवा, बॅटरीवरचा एअर पंप लावा. फिल्टर चार-पाच तासांपेक्षा जास्त बंद राहिला असेल तर लाइट आल्यावर आतलं सडकं पाणी तसंच टाकीत जाऊ देऊ नका. आधी ते ओतून टाका, स्पंज टाकीच्याच पाण्यात खळबळून घ्या, मग चालू करा.

२१. सगळं करून झालं, दुकानदार परत घेईना. रंकाळ्यात सोडून देऊ?

नाही. रंकाळ्यात नाही, कळंब्यात नाही, पंचगंगेतही नाही. पंचगंगेत दरवर्षी जी जलपर्णी माजते ती मूळची ॲमेझॉनकडचीच, ऑस्कर आणि पॅकूच्या गाववाली. तीसुद्धा शोभेची वनस्पती म्हणूनच जगभर गेली. मासा जगला तर तिथले देशी मासे खाणार, नाही जगला तर तुम्ही त्याला घाण पाण्यात मरायला सोडलंत. मोठी टाकी असलेला माणूस शोधा, फुकट द्या.

२२. मी समोर असलो की खात नाही. पाठ फिरली की टाकी साफ. हे बरं नाही ना?

पोट भरतंय ना, मग काय हरकत आहे? फक्त तो खातोय की फिल्टर खातोय एवढी खात्री करा: दाणे मोजून घाला, अर्ध्या तासानं पाइपखाली टॉर्च मारा, आणि मोबाईल उभा करून एकदा व्हिडिओ घ्या. मग रोज घास घालून एक पाऊल मागं उभं राहा, दुसऱ्या आठवड्यात अर्धं पाऊल. माझ्या एका फ्लॉवरहॉर्ननं चार महिने घेतले. तोवर मी स्वयंपाकघराच्या दाराआडून, कपाटाच्या आरशात बघायचो. त्यालाही ते माहीत असावं, कारण खाऊन झालं की तो आरशाकडंच तोंड करून उभा राहायचा.